नागपूरच्या जमिनीवर ५६ ची वेज: सोल रुंद घ्यावा की घासलेला?

गोल्फची सँड वेज, म्हणजे रेतीतून आणि होलजवळून चेंडू उंच उचलायचा क्लब, घ्यायची ठरली की आपल्याकडे गप्पा ब्रँडपासून सुरू होतात आणि ब्रँडवरच संपतात. टायटलिस्टची व्होकी घ्यावी की क्लीव्हलंडची, पिंग की मिझुनो. माझं मत विचाराल तर यातली कुठलीही घ्या, घडणीत कुणी कमी नाही. नागपुरात खेळणाऱ्याने डोकं खर्च करायचं ते सोलवर, म्हणजे क्लबच्या जमिनीला टेकणाऱ्या तळावर.

एकीकडे रुंद सोलची, मागून पोकळी ठेवलेली कॅव्हिटी-बॅक वेज. विकणारे हिला चुका पोटात घालणारी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. दुसरीकडे ब्लेड: सोल अरुंद, टाचेकडचा (दांड्याजवळचा) आणि मागच्या कडेचा भाग घासून उतरवलेला. बऱ्याच कंपन्या दोन्ही बनवतात. आमच्या रविवारच्या चौकडीत एक काका रुंद सोलवाले आहेत, मी घासलेल्या सोलवाला, दोघांच्याही वेज ५६ डिग्रीच्या, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, फेस, तेवढा मागे कललेला; या कोनाला लॉफ्ट म्हणतात. एकमेकांची वेज मागून मारणं हा आमचा जुना छंद असल्यामुळे दोन्हींबद्दल थोडं बोलायचा हक्क सांगतो. काकांची वेज कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे ती आमच्या जमिनीची आहे. चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणाऱ्या लाँच मॉनिटरचे आकडेही माझ्याकडे नाहीत. मनगटाला जे जाणवलं आणि कानाला जे ऐकू आलं तेवढंच सांगतो.

आधी एक काम उरकून घ्या. तुमच्या आयर्न सेटमधल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट किती ते शोधा. हल्लीच्या लांब जाणाऱ्या सेटमध्ये तो ४३-४४ डिग्रीवर आलाय. जुन्या सेटमध्ये ४८ च्या घरात असायचा. ४४ नंतर थेट ५६ ठेवली तर मध्ये १२ डिग्रीचं खिंडार पडतं आणि त्या अंतरांवरून अर्धामुर्धा स्विंग मारत बसावं लागतं. दोन वेजमध्ये ४ ते ६ डिग्रीचा फरक ठीक. माझ्या बॅगेत ४४, ५० आणि ५६ आहेत. ६० ची लॉब वेज टीव्हीवर फार छान दिसते. आपल्या इथे ती १४ क्लबांमधली एक जागा अडवून बसते, एवढंच म्हणतो आणि पुढे सरकतो.

बाउन्स म्हणजे सोलचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा जितका खाली उतरतो तो कोन. तो आला कुठून हे मात्र निवड करताना लक्षात ठेवण्यासारखं आहे. जीन सारझनने १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत स्वतः घडवलेली सँड वेज होती. सोलच्या मागच्या भागाला त्याने जादा धातू चढवला होता, क्लब रेतीत रुतू नये म्हणून. थोडक्यात, बाउन्स मऊ जमिनीसाठी जन्माला आला. आणि आपली जमीन वर्षातले किती महिने मऊ असते? जूनच्या मध्यावर पाऊस लागतो, सप्टेंबरअखेर ओसरतो. ऑक्टोबरपासून काळी माती आवळायला लागते. डिसेंबर-जानेवारीत हरळी पिवळी पडते, मार्चनंतर भेगा दिसायला लागतात, आणि नवतपात तर विचारूच नका. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताला, पाणी मिळतं, फेअरवेला, म्हणजे तिथपर्यंतच्या गवताच्या वाटेला, कमीजास्त मिळतं, पण ग्रीनच्या कडेचा जो दहा-पंधरा पावलांचा पट्टा असतो त्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं. आणि माझ्यासारख्या बेताच्या खेळाडूचा चेंडू ग्रीन चुकून थांबतो तो नेमका त्याच पट्ट्यात.

आणखी एक गोष्ट. वेजवर कोरलेला बाउन्सचा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. काकांच्या वेजवर १२ लिहिलंय, माझ्यावर १०. कागदावर फरक दोन डिग्रीचा, पण जमिनीवर त्या दोन वेगळ्या जातीच्या वाटतात. सोल किती रुंद, किती गोलसर, मागची कड कुठे संपते, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून ग्राइंडचं, म्हणजे सोल कसा घासलाय ते सांगणारं, अक्षर बघायचं, आणि तेही जपून, कारण एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या एससारखा असेलच असं नाही. व्होकीमध्ये ५६ डिग्रीच्या एकाच लॉफ्टला १४ बाउन्सची एफ, १० ची एस आणि ८ ची एम अशा निवडी मिळत आल्यात. एफचा सोल भरलेला, एमचा टाच, टो (दांड्यापासून दूरचं टोक) आणि मागची कड असा तिन्हीकडून उतरवलेला.

आता दोन्ही समोरासमोर. पावसाळ्यात काकांची वेज सरस, यात वाद नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बुटाला माती चिकटून पाय जड होतात, चेंडू अर्धा बसलेला असतो, आणि माझ्या वेजची पुढची धार थोडी जरी आधी टेकली तरी ढेकूळ पुढे आणि चेंडू मागे. काका त्याच जागेवरून अगदी सावकाश मारतात, सोल घसरत जातो आणि चेंडू बापडा वर येतो. ओल्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतातही, तेच. पूर्ण स्विंगमध्ये मला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. टोच्या बाजूला लागलेला फटका कॅव्हिटी-बॅकमध्ये जरा कमी मरतो, पण वेजने पूर्ण स्विंग आपण मारतो तरी किती. चकाकीचं म्हणाल तर क्रोम फिनिश एप्रिलच्या उन्हात डोळ्यावर येतं, त्यापेक्षा मॅट बरं. मुलामा नसलेल्या कच्च्या फिनिशची घेतलीत तर पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं.

बंकरचं, म्हणजे रेतीच्या खड्ड्याचं, उत्तर त्या-त्या बंकरवर आहे. खोल, भुसभुशीत रेती असेल तर रुंद सोलला तोड नाही, डोळे मिटून मारा. पण आमच्याकडे काही बंकरांत रेती पसरल्यासारखी असते, दोन बोटांखाली मुरूम लागतो. तिथे रुंद सोल खालून आपटून उसळतो आणि चेंडू सरळ पलीकडच्या ओठावर जाऊन बसतो. अशा बंकरात मला अरुंद सोल बरा वाटतो, तरी तो रेतीत जास्त गेला की तोंडावर रेती, हेही कबूल.

एवढ्यापर्यंत काट्याला काट्याची टक्कर आहे. माझ्यापुरता निकाल लागला तो त्या सुक्या पट्ट्यावर. ग्रीनची कड पंधरा पावलांवर, पिन (होलमधला झेंडा) जवळच्या बाजूला, मध्ये एखादा उंचवटा, आणि चेंडू टक्कल पडलेल्या मातीवर. अशा जागी रुंद सोल ठेवून बघा. खाली वाकून पुढच्या धारेखाली नजर टाका: धार आणि जमीन यांच्यात फट दिसते. फेस थोडा उघडलात, म्हणजे आकाशाकडे वळवलात, की मागची कड आधी टेकते आणि फट आणखी वाढते. मऊ जमिनीत ती फट सोल दाबला गेला की मिटते. वाळलेली काळी माती दबत नाही. ठक् असा आवाज येतो, क्लब उसळतो, धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून दुसऱ्या बाजूच्या तशाच पट्ट्यात जातो. मग तिकडून पुन्हा तेच.

फटका एकदा वाया जाण्याचं काही नाही, ब्लेडनेही जातो. मला सहन झालं नाही ते त्याच्या पुढचं. दोन-तीनदा ठक् ऐकलं की हात पुढच्या वेळी आधीच आखडतो. काकांची वेज मारताना मला चेंडूच्या मागे टेकायची भीती वाटायला लागली, म्हणून मी तो उचलून मारायला लागलो, आणि उचलून मारलेला फटका कधी टॉप (चेंडूच्या डोक्यावर), कधी डफ (आधी मातीत). हा विकार चार होलनंतर माझ्या स्वतःच्या वेजपर्यंत पोचला. सोल बदलला तरी मनगट तेच राहिलं. काकांनी यावर स्वतःचा तोडगा काढलाय: उन्हाळ्यात ग्रीनच्या तीस पावलांच्या आत ते चेंडू जमिनीवरून लोटायचा पटर काढतात. त्यांचा कॅडीही आता आपणहून सांगतो, “साहेब, वेज नका काढू, जमीन लोखंड होऊन राहिली.” पटर वाईट नाही, पण मध्ये उंचवटा असला की काय करणार? आणि सहा-सात महिने जी वेज ग्रीनजवळ बॅगेतच ठेवायची, तिच्या चुका पोटात घालण्याच्या गुणाचा उपयोग तरी काय.

घासलेल्या सोलला हाच फटका सोपा होतो असं मी म्हणणार नाही. पण फेस उघडला तरी धार जमिनीलगत राहते, कारण उसळी मारायला मागे धातूच नसतो. आवाज ठकऐवजी सर् असा येतो. चूक झाली तर ती माझी असते आणि पुढच्या वेळी सुधारता येते.

फिटिंगकडे, म्हणजे क्लब आपल्या मापाने बेतून घेण्याकडे, वळताना हेच डोक्यात ठेवा, कारण फिटिंग बहुतेक वेळा मॅटवर होतं, आणि मॅट नेमकी हीच गोष्ट लपवते. हिरव्या मॅटवर दोन इंच मागे टेकलेला क्लबही घसरून चेंडूपर्यंत पोचतो. एसीत उभं राहून रुंद सोल मारला की प्रत्येक फटका लोण्यासारखा, स्क्रीनवर स्पिन झकास. शाफ्टचं वजन, लांबी, ग्रिपची जाडी आणि वेगवेगळ्या लॉफ्टमधली अंतरं या गोष्टी तिथे नीट कळतात, त्यासाठी जरूर जा. आयर्नला ग्राफाइट शाफ्ट असेल तर वेजला फार जड स्टील घालू नका, हेही तिथे हातात घेऊनच कळेल. बाउन्सचा निर्णय मात्र मॅटवर करू नये असं मला वाटतं. समृद्धी झाल्यापासून मुंबई ७०१ किलोमीटरची सरळ वाट आहे खरी, पण फिटिंगसाठी तेवढं जाऊन आपली काळी माती तिथे थोडीच मिळणार. निदान फिटरला जमिनीचं वर्णन करा, भेगांचा फोटो दाखवा. आणि त्याआधी कुणाची तरी वेज मागून घ्या, एप्रिलमध्ये सकाळी सातच्या आत कोर्सवरचा सगळ्यात टक्कल पडलेला कोपरा शोधा आणि तिथून मारून बघा. मारण्याआधी कुणाला तरी विचारा, गोल्फर सहसा नाही म्हणत नाहीत.

लाय, म्हणजे क्लब टेकल्यावर दांडा जमिनीशी करतो तो कोन, तपासायला मशीन नसलं तरी चालतं. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडे करून ठेवा आणि मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर ठीक. तिचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर लाय जास्त उभी आहे, टाचेकडे झुकलं असेल तर जास्त सपाट. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही चूक दिशेत जास्त दिसते, उजव्या हाताच्या खेळाडूचे वेजचे फटके सारखे डावीकडे जात असतील तर स्विंगला शिव्या देण्याआधी हे करून बघा.

रुंद सोल कुणी घ्यावा? ज्यांचा डिव्हट, म्हणजे फटक्याने उडणारा मातीचा तुकडा, खोल आणि जाड निघतो, स्विंग उभा उतरतो, त्यांनी. जे मुख्यतः पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला खेळून उन्हाळ्यात बॅग माळ्यावर टाकतात, त्यांनीही. ज्यांचा होम कोर्स ग्रीनच्या कडेला भरपूर पाणी देतो, त्यांनी तर नक्की. तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. बाकीच्यांनी, म्हणजे वर्षभर खेळणाऱ्या आणि उन्हाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनी, १० बाउन्सची टाच घासलेली बघावी. ८ ची घ्यायचा मोह होईल, पण मग जुलैत अगदीच फावडं होतं.

मध्यम मार्ग हवा असेल तर एक युक्ती आहे. ५६-१० घ्या आणि लॉफ्ट-लाय मशीनवर ती ५४ ला वाकवून घ्या. लॉफ्ट जितका कमी कराल तितकाच बाउन्सही कमी होतो, म्हणजे तुमच्या हातात ५४-८ येते. मग पिचिंग आणि सँडच्या मधली गॅप वेज ४९ च्या आसपास ठेवली की ४४ पासूनचं अंतर समान पडतं. मऊ कार्बन स्टीलची वेज दोन डिग्री सहज वाकते. कडक स्टेनलेसच्या कास्ट वेजला कारागीर कुरकुर करू लागला तर आग्रह धरू नका. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि दांडा बसतो त्या होझेलला तडा गेला तर पैसे आपलेच जातात.