झेटामॅक आणि क्वांट ट्रेडिंगची मुलाखत: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्वांट ट्रेडिंगच्या (गणित आणि आकडेमोडीच्या जोरावर बाजारात खरेदी-विक्री करण्याच्या) नोकरीला अर्ज टाकला की मुलाखतीआधी बऱ्याच ठिकाणी तोंडी हिशेबाची चाळणी असते. ऑप्टिव्हर या ट्रेडिंग कंपनीची 8 मिनिटांत 80 गणितं ही त्यातली सगळ्यात गाजलेली. कॅल्क्युलेटर नाही, वर निगेटिव्ह मार्किंग. त्यासाठी पावसाळ्यापासून मी झेटामॅक ही तोंडी हिशेबाच्या सरावाची वेबसाइट वापरतोय, बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीवर, जवळपास रोज. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही.

120 सेकंदांत जमतील तेवढी गणितं सोडवायची: 100 पर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या, 2 ते 12 गुणिले 2 ते 100, आणि त्यांचेच भागाकार. बरोबर उत्तर टाइप झालं की पुढचं गणित आपोआप येतं. सुरुवातीला स्कोअर भराभर वाढतो, मग एका जागी अडकतो. तेव्हा आणखी रेटा असं सगळे सांगतात. माझ्या मते तिथेच वेळ कमी करावा. इथे उत्तर चुकलं तर खोडलं की झालं, आणि हीच सवय खऱ्या चाचणीत गुण खाते. शिवाय दशांश-अपूर्णांक इथे नाहीतच, तिथे असतात.

ती कसर खानापूरच्या आजोबांनी भरून काढली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना अजून मुखोद्गत. 64 गुणिले 1.25? सवायकीत 80. 24 गुणिले 3.5? औटकीत 84. मला विचार करायला लागतो तोवर त्यांचं म्हणून झालेलं असतं.

खरी मुलाखत याच्या पुढे सुरू होते. फासा टाका, आकडा आवडला नाही तर एकदाच परत टाका, जो येईल तेवढे रुपये मिळतील. खेळाची किंमत, म्हणजे सरासरी मिळकत, सांगा. एका फेकीची सरासरी 3.5, म्हणजे 1 ते 3 आलं तर परत टाकायचं, म्हणून 4.25. वहीत हे लगेच सुटतं, मोठ्याने समजावताना जीभ अडखळते. झेटामॅक इथे काही कामाचा नाही.

इथे कामाला आला मार्केट यार्डात आडत दुकानावर बसणारा मित्र. तीन फाशांच्या बेरजेला मी भाव द्यायचा, त्यातला एक फासा त्याने गुपचूप बघायचा. मी म्हणतो, 10 ला घेतो, 11 ला देतो. सरासरी 10.5, भाव चोख. पठ्ठ्या लगेच, "11 ला घेतलं, अजून आहे?" त्याने 6 पाहिलेला असतो, उरलेल्या दोघांची सरासरी 7, म्हणजे माल 13 चा. मला तो 6 दिसत नाही, पण त्याची घाई दिसते. पुढचा भाव वर सरकवायलाच हवा. मुलाखत घेणाऱ्यांना पहिल्या भावाच्या अचूकपणापेक्षा सौद्यानंतर तुम्ही भाव हलवता का हे बघायचं असतं. मित्राला यातलं काही शिकवावं लागलं नाही. बटाट्याच्या सौद्यात तो हेच करतो.

घरच्यांचाही एक राउंड असतो. जुलै 2025 मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन क्वांट ट्रेडिंग कंपनीविरुद्ध 4,843 कोटींचा अंतरिम आदेश काढला, तेव्हा शहापूरचे काका म्हणाले, "हेच करणार की रे तू?" निर्देशांक मुद्दाम हलवल्याचा आरोप होता, कंपनीने तो नाकारला. दोन्ही बाजूंनी भाव देऊन मधला फरक कमावणं वेगळं, हे त्यांना पटवताना चांगला सराव झाला.

वापरायचंच असेल तर सकाळी दहा मिनिटं पुरे, नमपॅड असलेल्या कीबोर्डवर. सेटिंगमध्ये गुणाकाराची मर्यादा 12 वरून 25 करा. उरलेला वेळ फासे आणि एखादा चलाख मित्र.