आई-वडिलांची तपासणी: गावातलं आरोग्य मंदिर की लॅबचं पॅकेज?

आई-बाबा सत्तरीला टेकले, मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. वर्षातून एकदा त्यांची नीट तपासणी व्हावी असं मुलांना मनापासून वाटतं. मग मोबाइलवर एखाद्या लॅबचं ‘सीनियर सिटिझन पॅकेज’ बुक होतं आणि गावातला सरकारी दवाखाना विचारातच घेतला जात नाही. बीपी आणि शुगरच्या बाबतीत तरी मला हे उलटं व्हायला हवं असं वाटतं.

आधी सरकारी बाजू. बहुतेक उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. गावात त्यांना सीएचओच म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, चालणं-फिरणं, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलावतात. बीपी वाढलेलं निघालं तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तपासून गोळी ठरवतात आणि साधारण महिनाभराच्या गोळ्या मोफत मिळतात. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या आरोग्य केंद्रातून ‘महालॅब’ या सरकारी तपासणी योजनेमार्फत होतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. मुंबईकरांना महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ आहे, तो रात्री दहापर्यंत उघडा असतो.

खासगी पॅकेजमध्ये माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. गुडघे दुखणाऱ्या, जिना न उतरू शकणाऱ्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र जाहिरातीतल्या ‘८० तपासण्या’ या आकड्याला भुलू नका. सीबीसी या रक्तपेशींच्या एकाच तपासणीत वीसेक आकडे येतात, लिव्हरच्या तपासणीत दहाएक, कोलेस्टेरॉलच्या तपासणीत सात-आठ. हे सगळे सुटे मोजले की बेरीज ऐंशीपर्यंत सहज जाते.

खरा फरक पडतो तो रिपोर्ट आल्यावर. चौदा पानांची पीडीएफ मुलाच्या फोनवर येते. त्यात पाच-सहा आकडे लाल असतात. मुलगा घाबरून आईला फोन करतो, आईही घाबरते. त्या लाल खुणांमागची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा तिशीच्या आणि अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला एकच असते. वयानुसार किडनीचं काम थोडं मंदावतंच. उतारवयात, विशेषतः अशक्त माणसाची शुगर फार खाली आणणं तर धोक्याचं असतं. रात्री शुगर उतरून पडलेली आजी ही साखर थोडी वाढलेल्या आजीपेक्षा जास्त संकटात असते. हे समजावून सांगणारं पॅकेजमध्ये कुणी नसतं. फोनवर पाच मिनिटं बोलणारे डॉक्टर असले तरी आई आधीपासून कोणत्या गोळ्या घेते हे त्यांना ठाऊक नसतं.

उपकेंद्रातली सिस्टर मात्र पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आलेल्या माणसाचं बीपी पुन्हा मोजते. एकदा मोजलेल्या बीपीने काही साधत नाही. दर महिन्याला मोजलं, गोळी चालू ठेवली, तर लकव्याचा धोका खरोखर कमी होतो.

महागड्या पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाचा माग काढायला केलेल्या रक्ततपासण्या घालतात, त्यांचाही विचार करून पैसे द्या. तक्रार नसलेल्या बाईची सीए-१२५ तपासणी करून अंडाशयाचा कर्करोग लवकर सापडेल असा भरवसा नाही. उलट भलत्याच कारणाने आकडा वाढतो आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅनच्या फेऱ्या सुरू होतात. सत्तरीपुढच्या पुरुषांची पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी सरसकट करू नये, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाचाही सल्ला आहे. लघवीला त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतीलच. सरसकट तपासण्यांचा २०१९ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात अडीच लाखांवर लोकांची माहिती होती आणि अशा तपासण्यांनी एकूण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात केवळ वृद्धांवरचे प्रयोग धरलेले नव्हते, म्हणून तो निष्कर्ष आई-बाबांना जसाच्या तसा लावू नये. पण ‘जितक्या तपासण्या जास्त, तितकी सुरक्षितता जास्त’ हा समज त्याने नक्कीच डळमळीत होतो.

सरकारी बाजूच्या उणिवाही झाकायला नकोत. सीएचओ प्रशिक्षणाला गेलेले असतात, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपतात, एखादी गोळी दोन महिने येत नाही. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मुख्यतः ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आखलेली आहे; सत्तरीच्या आईला स्तनात गाठ लागली तर वयाकडे न बघता ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठायला हवं. ज्येष्ठांच्या आरोग्याचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, पण आठवड्यातला ज्येष्ठांचा दिवस कुठे नियमाने चालतो, कुठे फक्त फलकावर असतो. गोळी संपल्यावर ती तालुक्याच्या दुकानातून आणून देणारं कुणी घरात असेल, तरच फक्त सरकारी व्यवस्थेवर विसंबा.

उतारवयात माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्या बऱ्याच गोष्टी रक्तात दिसतच नाहीत, आणि त्या दोन्हीकडे मागे पडतात. पडणं, कमी दिसणं, कमी ऐकू येणं, विसरणं, न कळत वजन उतरणं, गप्प गप्प राहणं. यातल्या पहिल्या गोष्टीची चाचणी घरीही करता येते. हात असलेली खुर्ची घ्या, तिच्यापासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. बाबांना उठायला सांगा, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन वळून परत येऊन बसायला सांगा, काठी वापरत असतील तर काठीसकट. त्यांच्या शेजारी राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. उठताना ते हातावर किती भार देतात, वळताना किती छोटी पावलं टाकतात, हेही बघा. सेकंदांपेक्षा कधी कधी तेच जास्त सांगतं.

बीपीचंही तसंच. बसून मोजलेलं बीपी ठीक येतं, पण रात्री लघवीला उठताना अंधारी येते. म्हणून पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा आणि उभं केल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्या. हे सिस्टरला सांगून करून घेता येतं, फक्त आपण होऊन सांगावं लागतं. मोतीबिंदूची तपासणी आणि शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, तीही लांबवू नका.

लशींबद्दल थोडक्यात: फ्लूची दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, आणि न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. या बहुतेक वेळा विकत घ्याव्या लागतात. माझ्या मते पॅकेजवरचे पैसे आधी इथे वळवावेत.

निवड कशी करावी? गावात उपकेंद्र नीट चालत असेल आणि आई-बाबा तिथवर जाऊ शकत असतील, तर बीपी-शुगर तिकडेच सोपवा. डोळे, चाल आणि लशी स्वतः मागे लागून करून घ्या. ते घराबाहेर पडू शकत नसतील, किंवा शहरात राहून नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील, तर आधी त्या डॉक्टरांकडून यादी लिहून घ्या आणि लॅबला तेवढ्याच तपासण्या सांगा. सहसा ती यादी छोटी निघते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसू देऊ नका. रक्त घेणारा तासभर उशिरा आला तर शुगर उतरते. त्या सकाळी काय करायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. जुन्या कर-पद्धतीत अशा तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, म्हणून पावती जपा.

आणि आयुष्मान वय वंदना कार्डाचा इथे घोळ करू नका. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यात आहे. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना मात्र आपली योजना आणि हे कार्ड यांपैकी एक निवडावं लागतं. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. बाहेरची तपासणी, रोजच्या गोळ्या, लशी त्यात बसत नाहीत. आधार कार्डावर ते निघतं, तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आई-बाबांचं काढून ठेवा आणि त्याच फेरीत आशाताईंचा नंबर फोनमध्ये घ्या.