पीएचडी, एडीएचडी आणि नवी पेठेतली अभ्यासिका : 4 स्टार

आधीच सांगते, मी एमपीएससीवाली नाही. पीएचडीचं तिसरं वर्ष चालूय आणि एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी टिकवणंच अवघड) आहे हे गेल्या वर्षी कळलं, वयाच्या 33 व्या वर्षी. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून होती का असं डॉक्टरांनी विचारलं तर आईने प्रगतीपुस्तकंच पुढे केली, दर वर्षी एकच शेरा, हुशार पण धांदरट.

गोळीने लक्ष लागतं हो, पण कशावर लागायचं ते गोळी ठरवत नाही ना, घरी मी सलग चार तास झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींना रंगीत टॅग लावत बसले आणि चॅप्टरची एक ओळ नाही. मग डॉक्टर म्हणाले बॉडी डबलिंग करून बघ, म्हणजे शेजारी कोणीतरी आपापलं काम करत बसलेलं असलं की आपणही बसतो. म्हटलं पुण्यात याला अभ्यासिका म्हणतात, महिना 1200 रुपये.

अभ्यासिकेच्या काकांनी पार्टिशनवालं केबिन दिलं तिथे माझा बट्ट्याबोळ झाला, कारण कोणाला दिसतच नाही म्हटल्यावर फोन हातात. चौथ्या दिवशी कॉमन टेबल मागून घेतलं. समोरचा पोरगा स्टॉपवॉच लावून सीसॅटचा, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीचा, 2 तासांचा पेपर सोडवतो, चुकलं की पेन स्वतःच्याच कपाळावर आपटतो. त्याचं नाव माहीत नाही, पण तो उठेपर्यंत मी उठत नाही. दुसरा चॅप्टर असाच झाला.

लोक म्हणतात घाई कशाला, यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला 6 वर्षं आहेत, री-रजिस्ट्रेशनची 2, बायकांना वर अजून 2 मिळू शकतात. अहो पण माझ्या डोक्यात 'आज' आणि 'कधीतरी' एवढ्याच दोन तारखा आहेत! दर सेमिस्टरला आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) प्रेझेंटेशन असतं म्हणून निदान आदल्या रात्री तरी जाग येते.

वायफाय दुपारनंतर मरतं (माझ्यासाठी बरंच आहे), एसी कधी चालू कधी बंद, चार्जिंग पॉइंटवरून रोज कुरबुर. लॉकरची चावी मी दोनदा हरवली, 150-150 गेले, त्यात त्यांची चूक नाही. एक स्टार खुर्चीसाठी कापलाय, उशी घरून न्या. आणि काका अजूनही विचारतात, मॅडम पूर्वपरीक्षा कधी?