‘स्टीलचे केग’ म्हणून पत्र्याचे डबे : माझे १८,३५० रुपये

आकडा आधीच सांगतो. फेरफार केलेल्या चार केगचे (केग म्हणजे पेय दाबाखाली साठवून तोटीतून काढायचे धातूचे पिंप) ९,४०० रुपये, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर यांचे ६,७५०, चार तोट्यांचे १,८४० आणि नाशिकमध्येच अंबडहून गंगापूर रोडपर्यंतच्या टेम्पोचे ३६०, असे एकूण १८,३५० रुपये माझ्या खिशातून गेले. यांपैकी टेम्पोवाल्याने तेवढे ठरलेले काम चोख केले.

मी २२ वर्षे एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात, आलेला माल तपासून घेण्याचेच काम केले आहे. घरी ही गोष्ट रोज एकदा तरी काढली जाते, म्हणून ती इथेही लिहून टाकतो.

परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक शीतपेय कंपन्यांनी मोडीत काढलेले १९ लिटरचे कॉर्नेलियस केग वापरतात, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यात एक आखूड नळी गॅससाठी आणि दुसरी, तळापर्यंत जाणारी, पेयासाठी असते. ज्यांना एवढे मोठे भांडे नको असते ते ५ लिटरच्या छोट्या केगला छिद्र पाडून गॅसचा व्हॉल्व्ह आणि तोटी बसवतात व स्वस्तात काम भागवतात. मला मद्य करायचे नव्हते. परवान्याशिवाय घरी बिअर करणे आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि निवृत्तीनंतर तो उद्योग करण्याची माझी इच्छा नव्हती. आले, लिंबू आणि साखर यांचे गार, फसफसणारे पेय, ज्याला जिंजर बिअर म्हणतात, ते सोसायटीच्या गणेशोत्सवातील आनंदमेळाव्यात तोटीतून ग्लासात सोडून द्यावे, एवढीच हौस होती. या ‘बिअर’ शब्दाने पुढे माझा पुरता घात केला.

औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात असे काम होते, असे कळले. गाळेवाला तिशीतला, बोलण्यात गोड आणि दर वाक्याला ‘काका’ म्हणणारा होता. बाहेरून मागवलेल्या तयार संचाची किंमत एका केगमागे आठ-नऊ हजारांच्या घरात जात असताना हा मनुष्य ‘३०४ ग्रेडचे स्टील, फूड ग्रेड, आर्गन वेल्डिंग’ असे सगळे मंत्र म्हणत २,३५० रुपयांत केग देत होता. ५,००० रुपये मी जागेवरच मोबाइलवरून भरले.

आता ती दुपार, जी आठवली की अजूनही झोप उडते. ३०४ स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून मी खिशात चुंबक घेऊन गेलो होतो. म्हणजे मी अगदीच बावळट नव्हतो! चुंबक केगला लावले आणि ते टपकन चिकटले. मी त्याच्याकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, “काका, स्टील दाबून वळवलं की त्यात थोडं चुंबकत्व येतंच.” हे खरे आहे, मीही ते वाचले होते, आणि तिथेच मी फसलो, काहीच न वाचलेला माणूस तिथून सरळ उठून आला असता. ३०४ स्टील दाबून वळवलेल्या कडेला चुंबक किंचित ओढले जाणे वेगळे आणि पोटाच्या मधोमध लोखंडी कपाटाला चिकटावे तसे चिकटणे वेगळे. शिवाय केगना चंदेरी रंग दिलेला होता. स्टेनलेस स्टीलला रंग कशाला लागतो, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. मला तो पडला घरी आल्यावर, उरलेले ४,४०० रुपये देऊन झाल्यावर.

ते केग म्हणजे एकदा वापरून टाकून द्यायचे पत्र्याचे पार्टी केग होते. त्यांना आतून लाखेसारखा पातळ थर असतो आणि तो आहे तोवरच पत्रा वाचतो. छिद्र पाडताना तो थर फुटला आणि लिंबाच्या आंबटपणाने उरलेले काम केले. चौथ्या दिवशी तोटीतून तांबूस पाणी आले. केगच्या आत विजेरी मारून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नका.

सिलिंडरच्या मानेवर कोरलेली दाबचाचणीची तारीख घासून काढलेली होती. रेग्युलेटर वेल्डिंगचा निघाला, ज्याची तबकडी दाब न दाखवता मिनिटाला किती लिटर गॅस वाहतो ते दाखवते. बिअरला थंड असताना १०-१२ पीएसआय (पीएसआय आणि बार ही दाबाची एकके) पुरतात, सोड्यासारख्या पेयाला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतात, आणि सिलिंडरच्या आत सामान्य तापमानाला सुमारे ६० बार, म्हणजे साडेआठशे पीएसआयच्या आगेमागे दाब असतो. या दोहोंच्या मध्ये उभे राहणारे एकमेव साधन जर दाब ठरवूच शकत नसेल, तर काय होते ते मी मेळाव्याच्या आदल्या रात्री पाहिले : ढप्प असा आवाज झाला, केगचा तळ बाहेर आला आणि तो ओट्यावर भोवऱ्यासारखा डुगडुगू लागला. सुटका व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप, म्हणून बसवलेला तुकडा उघडलाच नाही, कारण तो आतून भरीव होता. नातू तेव्हा शेजारच्या खोलीत होता, याहून अधिक मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप होते आणि फोन बंद.

पोलीस ठाण्यात मी ‘जिंजर बिअर’ हे शब्द उच्चारले आणि तक्रारदाराचा आरोपी झालो. “घरी बिअर करता? परवाना आहे?” आल्याचे सरबत आहे हे तीन जणांना तीनदा सांगितले. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवले गेले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हाच आहे, असे मी म्हटल्यावर “मग तुम्हीच तपास करा” असे उत्तर मिळाले. बँकेने सांगितले की पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले, त्यामुळे त्यांचा संबंध नाही. सिलिंडर घेऊन एका कार्यालयात गेलो, तर तो आत आणू नका असे पहारेकऱ्याने सांगितले, आणि मी उन्हात अर्धा तास त्या घासलेल्या मानेच्या सिलिंडरशेजारी उभा राहिलो, तरी तो कोणी तपासला नाही. धोकादायक म्हणून आत नको, आणि धोकादायक म्हणून नोंदही नको! पाच खेपांचा रिक्षाखर्च मी वरच्या रकमेत धरलेला नाही.

पावती नीट वाचा. माझ्या कच्च्या पावतीवर ‘डबा दुरुस्ती, ४ नग’ एवढेच लिहिलेले आहे, आणि ते मी घरी येऊन तीन आठवड्यांनी वाचले. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. मी लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तो अर्ज आता लिहितो आहे.

पुरावा म्हणून एक केग ठेवला आणि तीन भंगारवाल्याला दिले. त्याने चुंबक काढले नाही, नुसते नखाने टिचकी मारली, “पत्रा आहे, काका” म्हणाला आणि ६३ रुपये हातावर ठेवले.