ब्रिटिश की अमेरिकन ‘जिप्सी वेडिंग’?

जिप्सी लोकांच्या थाटामाटाच्या लग्नांवर एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन टीव्ही मालिका आहे; दोन्हींपैकी कोणती पाहावी, असे धाकट्या बहिणीने विचारले. थाट पाहायचा तर दोन्हीकडे वधू झग्याच्या घेराने दारातच अडते. ब्रिटनमध्ये हे झगे लिव्हरपूलच्या थेल्मा मॅडिन शिवतात, तर अमेरिकेत सोन्ड्रा सेली, आणि खड्यांच्या लखलखाटात सेली काकणभर सरस. माहितीच्या बाबतीत मात्र २०११ ची चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीची मालिका उजवी वाटते, कारण लग्नापलीकडे ट्रॅव्हलर म्हणजे फिरस्त्या लोकांच्या तळांवरून होणाऱ्या हकालपट्टीकडेही ती वळते. पण तिच्याच जाहिरातफलकांना ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०१२ मध्ये बेजबाबदार ठरवले होते. २०१२ ची टीएलसी या अमेरिकन वाहिनीची मालिका भांडणांतच अधिक रमते. कपड्यांची हौस असणाऱ्याने टीएलसीची पाहावी. माणसांविषयी कुतूहल असणाऱ्याने चॅनल फोरची, तीही जपून.