एकट्याची बोट: सुकाणू वाऱ्याच्या हाती की बॅटरीच्या?

पंचवीस-तीस फुटी शिडाची बोट एकट्याने न्यायची, तर खरी पंचाईत शीड चढवण्याची नसते. सुकाणू धरून चोवीस तास बसणार कोण, ही असते. चहा टाकायला आत गेलात की बोट वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि शिडं फडफडायला लागतात. यावर उपाय दोन.

टिलरला, म्हणजे सुकाणू फिरवायच्या मुठीला, जोडायचा विजेवरचा ऑटोपायलट स्वस्त आणि हलका. होकायंत्राची दिशा दिली की ती धरतो, वारा पडून इंजिन लावावं लागलं तरीही. पण बॅटरी खातो. सरासरी दोन अँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास ५० अँपिअर-तास. मागून लाटा यायला लागल्या की त्याचा दांडा सारखा ढकल-ओढ करतो, म्हणजे खप वाढतो तो नेमका वाईट हवेत. आणि आत खारं पाणी शिरलं तर भर समुद्रात दुरुस्ती विसराच.

दुसरा उपाय विंडवेन, म्हणजे वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र. त्याला वीज लागतच नाही. वरचं पातं वारा ओळखतं, पाण्यातलं पातं बोटीच्या वेगातून जोर घेतं आणि दोऱ्यांनी टिलर ओढतं. वारा वाढला की याची ताकदही वाढते. किंमत मात्र कितीतरी जास्त. शिवाय हे वाऱ्याशी कोन धरतं, दिशा नाही. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी खारे वारे, रात्री मतलई; वारा फिरला की बोटही निमूटपणे फिरते. मधे वारा पडतो त्या वेळात पातं नुसतं डुलत राहतं.

तेव्हा बंदरं घेत मुंबई-गोवा करायचं असेल तर ऑटोपायलट, जमल्यास दोन. आठवडेच्या आठवडे खुल्या समुद्रात काढायचे असतील तर विंडवेनच, सुट्या पात्यांसकट. भारताचे अभिलाष टॉमी २०२२-२३ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, तिथे तर विजेच्या ऑटोपायलटला परवानगीच नाही.

काहीही घ्या, आधी सुकाणू न धरताही बोट सरळ जाईल अशी शिडं तोलायला शिका. मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’चं सेल्फ-स्टीअरिंग (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांच्या तोलावर आणि हाताने सुकाणू धरून ३१२ दिवसांची एकट्याची जगप्रदक्षिणा पुरी केली.

जाळी आणि मच्छीमार बोटी दोघांनाही दिसत नाहीत, म्हणून किनाऱ्याजवळ झोपू नका. तुम्ही पाण्यात पडलात तर दोघंही बोट तशीच पुढे नेतील. अंगाला बांधायचा हार्नेस आणि त्याचा पट्टा अडकवायची डेकवरची दोरी या खरेदीच्या आधी घ्या.