मोठा अरोवाना टँक घेताय? पाणी भरण्याआधी एवढं मोजून घ्या

बिलावर लिहिलं होतं: ६ बाय २.५ बाय २ फूट टँक, १२ एमएम काच, ७२ वॅट एलईडी, मरीन प्लायचं स्टँड, सुपर रेड अरोवाना (महागडा, मोठा होणारा लाल मासा) सर्टिफिकेटसह. ठाण्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने या सगळ्याचे अडीच लाखांच्या वर मोजले. प्रत्यक्षात काच १० एमएमची निघाली, लाईट २४ वॅटचा, प्लाय साधा कमर्शियल, आणि माशाच्या अंगात ओळख पटवणारी मायक्रोचिपच नव्हती. हे उघड झालं ते पाणी भरून दोन-अडीच महिने गेल्यावर, खालच्या सांध्याला ओल दिसायला लागली आणि स्टँडचं दार लागेनासं झालं तेव्हा. मोठ्या टँकच्या धंद्यात फसवायला वाव मिळतो तो इथेच: पाणी भरलं, लॅमिनेट चिकटलं, मासा सोडला की मोजण्यासारखं काही हाताशी उरत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट कुठे आणि कधी मोजायची ते सविस्तर लिहितोय.

आधी काच. ‘दोन एमएमने काय फरक पडतो’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं. फरक पडतो, आणि मोठा पडतो. काचेची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १२ च्या जागी १० एमएम आली की ताकद सुमारे ३१ टक्क्यांनी घटते. बाक जाडीच्या घनाच्या उलट प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच पाण्याला काच जवळजवळ पावणेदोन पट जास्त फुगते. काच एकदम फुटेलच असं नाही. पण रोज ताणाखाली असलेलं सिलिकॉन हळूहळू सुटतं, आणि सर्वात जास्त दाब तळाशी असल्यामुळे पहिली ओल तिथेच येते. दोन फूट उंचीच्या टँकला १२ एमएम काच हवी आणि वर चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या, शिवाय मध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या हव्यात. उंची अडीच फुटांवर नेली तर १२ एमएमवर भागवू नका, १५ किंवा १९ एमएमची चौकशी करा. खरं तर अरोवानाला उंचीपेक्षा रुंदी जास्त लागते, कारण त्याला वळायला जागा हवी असते.

जाडी लपवली जाते ती कोपऱ्यावरच्या काळ्या बीडिंगखाली. टँक जोडायच्या आधी कारखान्यात जा आणि काचेच्या उघड्या कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं उपकरण) लावा. १२ एमएम फ्लोट काचेत दशांश तीन एमएम इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी भरली तर नाकारा. व्हर्नियर नसेल तर वजन करा. १ एमएम जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे ६ बाय २ फुटांची समोरची काच १२ एमएमची असेल तर साधारण साडेतेहेतीस किलो, १० एमएमची असेल तर अठ्ठावीस. साडेपाच किलोंचा फरक साध्या वजनकाट्यावरही लपत नाही.

सिलिकॉनची रिकामी नळी बघायला मागा. बाथरूमच्या सांध्यांसाठी येणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी. टँकसाठी बुरशीनाशक नसलेलंच हवं. जोडल्यावर किमान सात दिवस सुकू द्या, आणि काठोकाठ भरून तीन दिवसांची चाचणी विक्रेत्याच्याच जागेत घ्या. ‘घरी बसवूनच टेस्ट करू’ याला अजिबात हो म्हणू नका. चाचणीआधी समोरच्या काचेच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरून त्यावरून दोरा ताणा आणि मध्यभागी काच व दोरा यांतलं अंतर मोजा. पाणी भरल्यावर पुन्हा मोजा. जितकं अंतर घटलं तितका बाक.

स्टँडमध्ये फसवणूक पाइपच्या जाडीत होते. ५० बाय ५० एमएमचा, २ एमएम जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप मीटरला सुमारे ३ किलो भरतो. तोच १.२ एमएमचा असेल तर १.८ किलो. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वेल्डिंगआधी एक मीटरचा तुकडा वजन करून घ्या. प्लायवर लॅमिनेट चिकटवण्याआधी शिक्का बघा: मरीन ग्रेडवर आयएस (भारतीय मानक) ७१० असतो, आयएस ३०३ म्हणजे कमर्शियल. ठाण्याच्या स्टँडमध्ये सम्पच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) बाजूचा प्लाय पाणी पिऊन फुगला होता, दार अडकत होतं ते त्यामुळे.

वजनाचा विषय विक्रेता सहसा काढतच नाही. या मापात सुमारे ७८० लिटर पाणी बसतं. काच आणि स्टँड धरून सगळं मिळून टनाच्या आसपास जातं, म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेला असतो. टँक बीमला लागून, भिंतीकडेलाच ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आता लाईट. यात दुहेरी फसवणूक होते: एकदा दिव्यात आणि एकदा त्या दिव्याखालच्या माशात.

७२ वॅटचा आकडा कुठून आला ते एलईडीची पट्टी उघडल्यावर कळलं. आत १४४ एलईडी होते. एकेक अर्ध्या वॅटचा धरायचा, गुणाकार करायचा आणि डब्यावर छापायचा. ते एलईडी अर्ध्या वॅटवर चालवले तर पातळ अॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये तापून लवकर जातील, म्हणून ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) त्यांना मुळातच कमी करंट देतो. पडताळणी घरबसल्या होते. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त लाईट चालू ठेवा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा दहा मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असं छापलेलं असेल तर ७२ वॅटला ३८ वेळा लुकलुकायला हवं. इथे १३ वेळाच लुकलुकला. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर त्याच प्रमाणात हिशोब करा.

खरं सांगायचं तर झाडं नसलेल्या दोन फूट खोल टँकला प्रामाणिक ३०-४० वॅट पुरतात. म्हणजे ७२ वॅटचे पैसे मोजायची मुळात गरजच नव्हती. पैसे घालवायचे तर सुरक्षिततेवर घाला. लाल-गुलाबी ‘टॅनिंग लाईट’ म्हणून पाण्यात बुडवायच्या ज्या नळ्या मिळतात, त्यांतल्या काही थेट २३० व्होल्टवर चालतात आणि टोकाला नुसतं रबरी बूच असतं. ते बूच सुटलं की पाण्यात वीज उतरते. पाण्यात फक्त १२ किंवा २४ व्होल्टचा दिवा, अॅडॅप्टर झाकणाच्या बाहेर उंचावर, आणि या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी तारा वाचवतो, माणूस वाचवत नाही. अंधारात एकदम झगझगीत लाईट लावू नका. अरोवाना दचकून उसळतो आणि झाकणावर डोकं आपटतो. आधी खोलीतला दिवा लावा, दहा-पंधरा मिनिटांनी टँकचा.

दुकानातला मासा लालबुंद दिसत होता तो अशाच लाल-गुलाबी नळीमुळे. मासा बघायला जाताना एक कोरा पांढरा कागद न्या आणि काचेला लावून धरा. कागद गुलाबी दिसला तर माशाचा रंगही दिव्याचाच. लाल दिवा बंद करायला सांगा आणि साध्या पांढऱ्या उजेडात गालफडांच्या कडा आणि पर बघा. विक्रेता दिवा बंद करायला तयार नसेल तर तिथून निघा. सहा इंची पिल्लावर मात्र दिवसाच्या उजेडातही खात्रीने सांगता येत नाही. सुपर रेड मूळचा पश्चिम कालिमांतानमधल्या कापुआस नदीच्या परिसरातला. बंजर रेड हा दुसरा अरोवाना दिसायला जवळचा पण स्वस्त, आणि तो सुपर रेड म्हणून खपवणं सोपं जातं.

म्हणून भरवसा फक्त चिपवर. आशियाई अरोवाना, मग तो सुपर रेड असो, बंजर असो की ग्रीन, साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये येतो. नोंदणीकृत फार्ममध्ये पैदास झालेल्या माशाच्या पाठीच्या मांसात मायक्रोचिप असते आणि सर्टिफिकेटवर तिचा क्रमांक असतो. स्कॅनर लावून तो क्रमांक तुमच्या डोळ्यांसमोर जुळला पाहिजे. ठाण्याच्या माशावर स्कॅनर फिरवला तेव्हा काहीच उमटलं नाही. कागद दुसऱ्याच कुठल्या तरी माशाचा. हा मामला फक्त पैशांवर थांबत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि मासा कुठून आला याचा पुरावाच नसेल तर अडकतो तो घेणारा. अॅमेझॉनमधला सिल्व्हर अरोवाना या यादीत नाही, पण तोही तीन फुटांच्या आसपास जातो, हे तीन इंची पिल्लू विकताना कोणी सांगत नाही.

पंपाचंही तपासा. डब्यावरचे ५००० लिटर पाणी वर न चढवता मोजलेले असतात. सम्पमधून दीड मीटर चढवल्यावर टँकमध्ये खरं किती येतं ते २० लिटरच्या बादलीने मोजा. वीस सेकंदांत भरली तर तासाला ३६०० लिटर, या टँकला पुरेसं. ‘बॅक्टेरियाची बाटली ओता, उद्या मासा सोडा’ यावर विश्वास ठेवू नका. फिल्टरमध्ये उपयोगी बॅक्टेरिया वाढून तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत मोठा मासा आणू नका.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर काचेची जाडी, पाइपची जाडी, प्लायचा आयएस क्रमांक, लाईटचे मोजलेले वॅट आणि चिपचा क्रमांक लिहून घ्या. ‘अॅक्वेरियम सेट, १ नग’ एवढंच लिहिलेल्या बिलावर नंतर काही सिद्ध करणं फार अवघड जातं. ठाण्याच्या बिलावर १२ एमएम आणि ७२ वॅट स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून तक्रारीला आधार मिळाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सुरुवात करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. टँक रिकामा करण्याआधी व्हर्नियर लावलेल्या काचेचे, मीटरचे आणि स्कॅनरचे तारखेसह व्हिडिओ काढून ठेवा.